मुद्दूचा राहिलेला हिवाळा

आमच्या बंगळूरच्या घरमालकांइतका निश्चयी माणूस मी आजवर पाहिलेला नाही, आणि त्यांच्या कुत्र्याइतका निसर्गसौंदर्याचा कंटाळा असलेला प्राणीही पाहिलेला नाही. या दोघांची गाठ कुणी घातली कोण जाणे. पण तीन वर्षं त्यांच्या स्कूटरच्या मागच्या सीटवर छत्री आणि डबा सांभाळत बसायचं काम माझ्याकडे होतं, एवढं खरं.

नव्वदच्या दशकात मी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी तिकडे गेलो आणि बसवनगुडीत त्यांच्या माडीवरची खोली भाड्याने घेतली. गल्ली त्यांना अण्णा म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागलो. मूळचे बेळगावचे. उभा जन्म तारखात्यात गेल्यामुळे कमीत कमी शब्दांत उरकायची सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. शनिवारी संध्याकाळी माझ्या दाराखालून चिठ्ठी सरकायची, "उद्या सहा. तलाव. टोपी घे." नाही म्हणायला तीत जागाच नसायची. सकाळी खाली उतरावं तर स्कूटर सुरू, पुढे पाय ठेवायच्या जागी मुद्दू उभा, आणि अण्णांच्या पत्नी, म्हणजे अक्का, चपाती आणि शेंगाचटणीचा डबा माझ्या हातात देत म्हणायच्या, "जाऊन ये बाबा. त्यांना एकट्याला सोडू नको."

मुद्दू म्हणजे कन्नडमध्ये लाडका. होता साधा तांबूस गावठी कुत्रा. घरात सगळ्यांशी मराठी बोलणारे अण्णा त्याच्याशी मात्र कन्नडमध्ये बोलत. "इथल्या जन्माचा तो. आपलं मराठी कसं कळणार त्याला?" असं त्यांचं म्हणणं. आजूबाजूच्या साऱ्या टेकड्या आणि तलाव मुद्दूला दाखवायचे, असा त्यांनी पणच केला होता. का, ते विचारायची सोय नव्हती. एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "कुत्र्यानं काय गल्लीच बघून मरायचं?" त्यातही नियम असा, की एक जागा उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा अशा तिन्ही ऋतूंत बघितली तरच बघितली.

मुद्दूचं मत निराळं होतं. टेकडीच्या माथ्यावर पोचलं, की तो दरीकडे पाठ करून बसे. अण्णा त्याच्यामागे, जरा वरच्या अंगाला, एखाद्या दगडावर बसलेले असत. ते उठत, दोन्ही खांद्यांना धरून त्याला दरीकडे वळवत आणि म्हणत, "नोडो, मुद्दू, स्वल्प नोडो!" म्हणजे, बघ की रे जरा. मुद्दू बघितल्यासारखं करी. अण्णा दगडावर परतले, की हा पुन्हा गर्रकन वळून त्यांच्याकडे तोंड करी. एका बैठकीत अण्णा चौदा-पंधरा वेळा तरी उठत. दोघांपैकी एकही हरल्याचं मी पाहिलं नाही.

ऋतू ठरत ते बेळगावहून येणाऱ्या मराठी कॅलेंडरवरून. बंगळूरची हवा स्वतःच्या मनाप्रमाणे चालते हे अण्णांना मान्यच नव्हतं. मृग लागला, की रेनकोट चढवून निघायचं. मुद्दूलाही जुना रेनकोट कापून शिवलेला अंगरखा. वर लख्ख ऊन, आत आम्ही तिघंही घामानं निथळतोय, आणि अण्णा सांगताहेत, "बेळगावात धो धो चाललाय." कार्तिकात उलटं. स्वेटर घालून जावं, तर वाटेत पावसाची झोड. मी छत्री उघडली, की म्हणत, "पाऊस नव्हं तो. थंडीच आहे, स्वल्प ओली."

तिसऱ्या वर्षी मुद्दूचे मागचे पाय गेले. तेरा वर्षांचा झाला होता. डॉक्टरांनी सांगितलं, फाटकापर्यंत चालला तरी पुष्कळ झालं, आणि पुढचा उन्हाळा काही तो बघत नाही. सगळ्या जागा बघून झाल्या होत्या. राहिला होता फक्त रामनगरजवळच्या एका बोडक्या टेकडीचा हिवाळा. अण्णांनी डॉक्टरांचं शांतपणे ऐकून घेतलं. शनिवारी चिठ्ठी आली, "उद्या पाच. टेकडी. स्वेटर."

पायथ्याशी पोचलो तर ही झड! खडकावर पाय ठरेना. मुद्दू स्कूटरवर कुडकुडत होता. मला त्याची दया आली आणि म्हाताऱ्याचीही. म्हटलं, "अण्णा, कार्तिक आहे. कॅलेंडरप्रमाणे हिवाळाच की. बघितली असं धरून चाला." ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी चोरीच सुचवली होती. मग मुद्दूचं अंग पुसत म्हणाले, "पायथा म्हणजे टेकडी नव्हं. आणि हा पाऊस आहे."

पाऊस आहे! तीन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी कार्तिकातल्या पावसाला पाऊस म्हटलं.

जानेवारीतल्या एका कोरड्या, गार सकाळी आम्ही परत गेलो. अक्कांच्या जुन्या लुगड्याची झोळी करून अण्णांनी मुद्दूला पोटाशी बांधलं. मी घेतो म्हटलं, तर म्हणाले, "तू डबा सांभाळ." तासाभराच्या चढाला तीन तास लागले. दर वीस पावलांवर ते थांबत, धापा टाकत, आणि मी तोंड उघडायच्या आत पुढे निघत. वर गवत पिवळं पडलेलं, खाली दरीत धुकं. अण्णांनी झोळी सोडली, मुद्दूला दरीकडे तोंड करून बसवलं आणि दगडावर जाऊन बसले. त्या मोडक्या पायांनी तो घसटत घसटत वळला आणि अण्णांकडे बघत बसला. त्या दिवशी अण्णा एकदाच उठले. नंतर नाही.

शिमग्याच्या आधीच मुद्दू गेला. मे महिन्यात माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आदल्या शनिवारी चिठ्ठी आली, "उद्या सहा. टेकडी." टोपी नाही, छत्री नाही, काही नाही.

वर पोचल्यावर अण्णा मुद्दूच्या जागी जाऊन दरीकडे पाठ करून बसले. मी म्हटलं, "अण्णा, दरी तिकडं."

"राहू दे. तेरा वर्षं मी त्याचं तोंड फिरवत होतो. तो काय बघायचा, ते एकदा बघतो."

तिथून फक्त अण्णांचा बसायचा दगड दिसत होता. डबा घेऊन मी त्यावरच बसायला निघालो होतो; बाजूला झालो.