एका भिंतीवर दोन कडुनिंब

शनिवार, जानेवारीचा शेवट.

सकाळी पुलगावहून पॅसेंजरने वर्ध्याला गेलो. स्टेशनबाहेर ऑटो केला, कॉलेजच्या मागच्या गेटवर उतरलो. काम एकच होतं... सायलीचा पुठ्ठा घरी आणायचा.

सायली माझी मुलगी. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. पावसाळ्यात ताप आला आणि आठवड्याभरात गेली. इथे माझं लिहिलेलं वाचणाऱ्या बऱ्याच जणांना माहीत आहे, म्हणून त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

कॉलेजात तिने आणि वर्गातल्या काही मुलांनी शनिवारची कार्यशाळा सुरू केली होती. तिथे सर नसतात. काय शिकायचं ते मुलंच ठरवतात, आणि ज्याला मागच्या शनिवारी एखादी गोष्ट जमली, तो या शनिवारी ती दुसऱ्याला शिकवतो.

तिचा प्रोजेक्ट म्हणजे अंधारखोली. लॅबमागची एक रिकामी खोली सगळीकडून बंद करायची. खिडकीला पुठ्ठा लावायचा, त्याला एक बारीक छिद्र पाडायचं... बाहेरचं सगळं त्या छिद्रातून आत येतं आणि समोरच्या भिंतीवर उलटं दिसतं. ती फोनवर सांगायची, मी हो हो म्हणायचो, पण डोळ्यांसमोर काही यायचं नाही.

पुठ्ठा आमच्या कूलरच्या खोक्याचा. गाडीत उभ्याने घेऊन गेली होती ती. तिच्या हातची शेवटची वस्तू... मला ती घरी हवी होती, बस.

गेटवर अक्षय नावाचा मुलगा घ्यायला आला, तिच्याच वर्गातला. "काढूनच ठेवणार होतो काका, पण..." म्हणत तो मला लॅबमागच्या त्या खोलीत घेऊन गेला. खोलीत पाच-सहा मुलं होती. सगळी उभी राहिली.

मग पल्लवी नावाची एक मुलगी पुढे आली. "काका, इथून काई न्यायचं असन त आधी तसंच एक करून ठेवा लागते. नियम हाय."

"काकाले कायचा नियम सांगून राह्यली? गप बस ना," अक्षय म्हणाला.

"काऊन गप बसू? नियम सायलीनंच केलता ना? मले एक सर्किट घरी न्यायचं होतं त चारदा करायले लावलं तिनं. आता तिच्या बाबालेच सूट देतं का?"

मी इतक्या महिन्यांत तिचं नाव कुणाच्या तोंडून असं भांडणात ऐकलं नव्हतं. सगळे हळू आवाजात घेतात... मी म्हटलं, "द्या एक पुठ्ठा."

शिकवायला पल्लवीच बसली. तिथे शिकवणाऱ्याने हात मागे धरून बसायचं असतं, म्हणजे मध्येच हातातलं घेऊन करून द्यायचा मोह होत नाही. ती तशी मागे हात धरून समोर बसली आणि मी कटर चालवत होतो. आयुष्यभर ऑफिसात फायली सांभाळल्या, पुठ्ठा कधी कापला नव्हता.

छिद्र वाटाण्याएवढं हवं होतं. माझं रुपयाच्या नाण्याएवढं झालं.

"काका, हे भोक हाय का दरवाजा?"

सगळी हसली. मलाही हसू आलं.

खिडकीला दोन तावदानं आहेत. डावीकडे सायलीचा पुठ्ठा, उजवीकडे नुसता काळा कागद. तो कागद काढून माझा पुठ्ठा तिथे लावला. तो चालतो का बघायचं आणि मग तिचा काढायचा, असं ठरलं. कुणीतरी खोलीचं दार लावलं.

आधी काहीच दिसेना. मग भिंतीवर हळूहळू काहीतरी हलायला लागलं... बाहेरचा कडुनिंब. उलटा. आभाळ खाली, रस्ता वर. आणि एक नाही, दोन.

एक जरा काळोखा, पण पान न् पान ओळखू येईल असा. तो तिचा. त्याला चिकटून दुसरा, उजळ आणि पुसट. तो माझा. वारा आला की दोन्ही एकदमच हलायचे. रस्त्यावरून एक मुलगी सायकलवर गेली. भिंतीवरून ती दोनदा गेली, चाकं वर करून, काहीही आवाज न करता.

किती वेळ बसलो सांगता येणार नाही. झोपेत असल्यासारखं वाटत होतं... पण मी जागा होतो. सायली इथेच बसायची. तिला जे दिसायचं, ते मी पहिल्यांदा बघत होतो.

"काढू का काका तिचा?" अंधारातून अक्षयने विचारलं.

मी म्हटलं, "राहू दे."

घरी आणला असता तर तो कूलरच्या खोक्याचा एक तुकडा झाला असता. मी कपाटात ठेवला असता.

निघताना पल्लवी गेटपर्यंत आली. "पुढच्या शनिवारी येजा काका. सेलूची दोन नवी पोरं येऊन राह्यली. त्यायले तुमीच शिकवा लागन."

"मला कुठे जमलंय अजून?"

"जमन. फक्त हात मांगं ठेवजा."

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी हे वाचत असेल तर... मला सूट दिली नाही, त्याबद्दल आभार.

संध्याकाळच्या गाडीने घरी आलो. कूलरच्या खोक्याचा उरलेला भाग माळ्यावर होता. तो खाली काढला, धूळ पुसली, आणि पेन्सिलीने वाटाण्याएवढा एक गोल काढून कापायला बसलो.