मावळल्याची वेळ

परवा आगाशीच्या बाजारातून सुकेळी आणली. वाळवलेल्या केळ्यांभोवती बांधलेलं सुकं पान सोडलं आणि त्या गोडसर वासाने मला पंचेचाळीस वर्षांमागच्या स्टेशनच्या दारात नेऊन उभं केलं. उपग्रहांचा माग घेणारं ते ठिकाण, पण गावात सगळे नुसतं स्टेशनच म्हणत. पप्पा तिथे ऑपरेटर होते.

त्या दुपारी अंगणात सुकेळी बांधता बांधता आई कोसळली आणि गेली. मी तशाच चिकट हातांनी सायकल काढली. स्टेशनवर पोचले तेव्हा उपग्रह डोक्यावरून जात होता. पप्पांच्या कानाला हेडफोन. मला बघून त्यांनी हात वर केला, थांब. मी थांबले. ते आकडे लिहीत राहिले. त्या हाताचा मला कित्येक वर्षं राग होता.

उपग्रह मावळला तसा त्यांनी हेडफोन काढला.

"पप्पा, आई गेली."

"किती वाजता?"

मी सांगितलं. उपग्रह मावळल्याची वेळ लिहायच्या रकान्यात त्यांनी ती लिहिली आणि पेनाला टोपण लावलं.

आता वाटतं, त्या क्षणी त्यांना दुसरं काही येतच नव्हतं. पुढे स्टेशन बंद पडलं, कागद रद्दीत गेले. वेळ मीच सांगितली होती. मला ती आठवत नाही.