कव्हराखालची गाडी

माणसाची पारख करायची असेल तर त्याच्या गाडीची सीट उचलून बघावी, असं ताईचं मत होतं. एकवीस वर्षं सीटा उचलून झाल्यावर माणसाविषयी तिचं मत काही फारसं चांगलं उरलं नव्हतं.

ताई गाड्यांची सीट कव्हरं शिवायची. पत्र्याची लांबट शेड, तीन मशीनं, मागे रेग्झिनचे रोल आणि कोपऱ्यात मालकाची काचेची खोली. दाराजवळचं पहिलं मशीन तिचं. दुकानात बाई ती एकटीच, पण तिच्या तोंडाला लागायची हिंमत कुणाची नव्हती. जुनं कव्हर उतरवायचं, सीट मोकळी करायची, माप घ्यायचं, नवं कव्हर शिवून चढवायचं, हे काम. त्यातलं पहिलं पाऊल म्हणजे उतरवणं, आणि तिथेच तिची रोज शिसारीची वेळ व्हायची.

काय काय निघायचं सीटखालून! च्युइंगमचे चघळून चिकटवलेले गोळे, कापलेली नखं, केसांचे गुंते, आंबलेलं दूध, लहान मुलांचे एकेकटे मोजे. एकदा तर कवळी निघाली. तिने गाडीवाल्याला फोन लावला तर तो म्हणाला, "टाकून द्या हो, दुसरी करून घेतलीय." म्हणजे हा गृहस्थ महिनोन्‌महिने स्वतःच्याच दातांवर बसून हिंडत होता, आणि बाहेरून गाडी अशी की पत्र्यात बघून भांग पाडावा. "वरून कीर्तन, आतून तमाशा," ताई म्हणायची आणि हात दोनदा साबणाने धुवायची.

अलीकडे तिचा सगळ्यात जास्त राग होता तो त्या कॉम्पॅक्ट एसयूव्हींवर. धड मोटार नाही, धड जीप नाही. छोट्या गाडीला टाचा उंच केलेले बूट घातले की झाली एसयूव्ही. बाहेरून बघावं तर डोंगर चढायला निघालीय, आणि मागच्या सीटवर तिसरा माणूस बसला की पहिल्या दोघांनी श्वास वाटून घ्यायचा. गिऱ्हाईक येऊन विचारणार काय, तर छपराची काच उघडते का आणि पुढचा टीव्हीसारखा पडदा केवढा मोठा आहे. ब्रेक लागतात का, हे एकानेही विचारलेलं तिला आठवत नव्हतं.

आणि मग ती घाण यायला लागली, जिच्यापुढे नखं आणि कवळ्या परवडल्या. पाण्यात बुडालेल्या गाड्या. नदी चढायची, इमारतींच्या तळघरांत उभ्या असलेल्या गाड्या छपरापर्यंत भरायच्या. विमा कंपन्या त्या मोडीत काढायच्या, आणि मोडीतून त्या उचलायचा एक जुन्या गाड्यांचा व्यापारी. दुकानात त्याला सगळे अत्तरशेठ म्हणायचे, कारण त्याच्या खिशात कायम फवाऱ्याची बाटली असायची. तो गाड्या धुवायचा, उन्हात वाळवायचा, चार नवे टायर चढवायचा, फवारा मारायचा आणि शेवटचा हात म्हणून ताईकडे पाठवायचा. नवं कव्हर चढलं की कालची मोडीतली गाडी आज 'एकाच मालकाने जपून वापरलेली' व्हायची.

ताईला हे सगळं ठाऊक होतं. दुर्गंधी तिच्याच नाकात जायची, गाळ तिच्याच नखांत बसायचा. ती घरी जाऊन अत्तरशेठच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. पण कुणी विचारलंच, "मग शिवता कशाला?" तर तिचं उत्तर तयार असायचं: "मी शिवते, विकत नाही." एवढं बोलून ती गाठ मारायची आणि दोरा तोडायची.

शिवायची मात्र देखणं. त्याला तिचा इलाज नव्हता. बाप शिंपी. तो ताईला आणि तिच्या धाकट्या भावाला समोर बसवून सांगायचा, "वाईट शिवायलाही तेवढाच वेळ लागतो." त्यामुळे कुजक्या फोमवरसुद्धा तिचा टाका सरळ जायचा, आणि शेवटी बापासारखेच तीन उलटे टाके घालून दोरा आत दडवायची. हे तीन टाके म्हणजे तिची सही. दुकानात दुसरं कुणी तसं करत नव्हतं.

धाकटा भाऊ शिवणकामात रमला नाही. तो पाणीपुरवठ्यात मीटर वाचायला लागला आणि तिथूनच निवृत्त झाला. आयुष्यभर आकडे वहीत उतरवलेला माणूस. त्याच्या बायकोची मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डोंगरापलीकडच्या इस्पितळात तिचं रक्त मशीनवर शुद्ध करून आणावं लागायचं. बसने जाता येताना तिचे हाल कुत्रं खात नव्हतं. परतताना तर ती खिडकीच्या गजावर डोकं टेकून नुसती डोळे मिटून बसायची. म्हणून त्याने ठरवलं होतं, निवृत्तीचे पैसे आले की गाडी घ्यायची. आणि गाडी उंच हवी होती, कारण खाली वाकून बसणं तिला जमत नव्हतं.

चार महिने त्याने त्याच्यापुरतं संशोधन केलं. घरातली वेगवेगळ्या उंचीची स्टुलं मांडून बायकोला प्रत्येकावर बसवलं, कशावर ती हात न टेकता बसते आणि उठते ते पाहिलं, आणि टेपने माप घेतलं. मग तो टेप खिशात घालून शोरूम पालथी घातली. विकणारे मायलेज सांगत राहायचे आणि हा आपला खाली बसून जमिनीपासून सीटपर्यंत माप घेत असायचा. वहीत दोन रकाने होते. एका बाजूला नवी, दुसऱ्या बाजूला जुनी. नवीला सहा महिने थांबायला सांगत होते, आणि त्याच्या ऐपतीत बसत होती ती सगळ्यात खालची, मागच्या खिडक्या हाताने फिरवायची. तेवढ्यातच तीन वर्षं जुनी घेतली तर सहा एअरबॅग, मागचा कॅमेरा, सगळं मिळत होतं. सहा महिने थांबणं त्याच्या बायकोला परवडणार नव्हतं. त्याने जुनीखाली रेघ ओढली.

ताईला त्याने मुद्दाम काही सांगितलं नाही. तिला चकित करायचं होतं.

रविवारी दुपारी तिच्या दाराशी हॉर्न वाजला. ओले हात पदराला पुसत ती बाहेर आली, तर भाऊ पांढऱ्या गाडीला टेकून उभा. चेहरा असा की लग्नातही इतका खुलला नव्हता.

"उद्या सकाळी पैसे द्यायचे. आज तासभर फिरवून आणा, असं तो गाड्यांचा व्यापारी म्हणाला. ये, बस!"

ताईने दार उघडलं. कॉफी रंगाचं रेग्झिन, कडेने राखाडी पायपिंग. आणि नाकावर फवाऱ्याचा तो गोडगोड वास आदळला.

तिने गाडी ओळखली. दोन महिन्यांपूर्वी ही गाडी तिच्या मशीनसमोर उभी होती. सीट दाबली की फोममधून तपकिरी पाणी यायचं. जादा चाकाच्या खोबणीत मेलेला मासा निघाला होता, बोटाएवढा. "निदान फोम तरी बदला," ती मालकाला म्हणाली होती. "आपल्याला कव्हर सांगितलंय," मालक म्हणाला होता. तिने नाकाला फडकं बांधलं होतं आणि शिवलं होतं.

आता सरळ सांगायला हवं होतं. पण सांगायचं म्हणजे कुणी शिवलं तेही सांगायला हवं होतं. तिने दुसरी वाट धरली.

"डिकी लहान आहे रे."

"चाकाची खुर्ची घडी करून आडवी बसते. बसवून बघितली."

"मागे गुडघे लागतात."

"मागे कोण बसणार? आम्ही दोघंच."

"या उंच गाड्या वळणावर कलतात."

"चाळीसच्या वर मी जातोय कशाला, ताई?"

"तीन वर्षांच्या गाडीला चारही टायर नवे कसे?"

"म्हणजे चांगलंच की! मालक हौशी असणार."

ताईला त्याला धरून हलवावंसं वाटलं. वहीत सगळं उतरवणारा माणूस आणि अक्कल बघा. "आणि हा वास कसला?" ती जरा जोरातच म्हणाली. "एवढं अत्तर कुणी का मारावं?"

"अगं, अत्तरच आहे ना, घाण तर नाही?" तो हसला. मग ड्रायव्हरच्या सीटवर प्रेमाने हात फिरवत म्हणाला, "खरं सांगू? इंजिनातलं मला ओ की ठो कळत नाही. तिथे आणखी दोन गाड्या होत्या, हिच्यापेक्षा स्वस्त. पण तूच मागे म्हणाली होतीस, इंजिन काय, कुणीही धुऊन ठेवतं, शिवण बघावी. ही बघ. एक टाका वाकडा नाही. ज्याने सीटवर एवढी मेहनत घेतली, त्याने गाडी नक्की जपली असणार. ही शिवण बघितली आणि म्हटलं, बास, हीच."

ताईने ती शिवण पाहिली. खालच्या कोपऱ्यात तीन उलटे टाके होते.

ती घरात गेली आणि टाके उसवायचं पातं घेऊन आली. भावाला काही कळायच्या आत तिने सीटची शिवण एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत उघडली.

"अगं, वेड लागलं का? गाडी अजून माझी नाही!"

"हात घाल."

"काय?"

"आत हात घाल म्हणते ना."

त्याने बोटं घातली आणि झटकन बाहेर काढली. बोटांवर ओलसर गाळ होता. अत्तराखाली दबलेली दुर्गंधी आता मोकळी झाली, गटार उपसल्यासारखी. त्याने तोंड फिरवलं. ताईने सीट पुढे ओढून दाखवली. खालची लोखंडी पट्टी गंजून फुगली होती आणि वायरींच्या जोडावर हिरवं बुरशीसारखं चढलं होतं.

"नदीत होती," ती म्हणाली. "छपरापर्यंत. आज चालते, उद्या चालेल, परवा त्या डोंगरावर बंद पडेल. तुझ्या त्या सहा एअरबॅगांपैकी एक तरी फुगेल का, देव जाणे."

भाऊ बोटांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तुला कसं कळलं?"

"मीच शिवलंय."

"नदीत होती हे माहीत असताना?"

"हो."

"अशा आणखी किती?"

हा प्रश्न तिला एकवीस वर्षांत कुणी विचारला नव्हता. 'माहीत नाही' हे उत्तर सोपं होतं. पण तिला माहीत होतं. प्रत्येकीचा रंग आठवत होता.

"अकरा," ती म्हणाली. "ही धरून."

"म्हणजे त्या दहा गाड्या ज्यांनी घेतल्या," भाऊ शांतपणे म्हणाला, "त्यांच्या घरी कुणी आजारी नव्हतंच का गं?"

मी शिवते, विकत नाही. वाक्य जिभेवर आलं आणि तिथेच घाण झालं. तिला स्वतःची शिसारी आली; गाळाची यायची तशीच.

भावाने घड्याळ पाहिलं. तास होत आला होता. "परत देऊन येतो," तो म्हणाला आणि मग फाटलेल्या सीटकडे बघून थबकला. "पण तो आता विचारेल हे कुणी फाडलं."

"थांब," ताई म्हणाली. तिचे हात आपोआप चालू झाले होते. घराच्या खिडकीतली सुई घेतली, दुकानातून आणलेल्या रिळाचा कॉफी रंगाचा दोरा दाताने तोडला, एका फटक्यात ओवला. "दहा मिनिटांत शिवून देते. कळणारसुद्धा नाही कुणाला."

भावाने तिच्याकडे पाहिलं. सीट उचलल्यावर ती ज्या नजरेने बघायची, तीच नजर. साठ वर्षांत त्याने तिच्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं.

"नको," तो म्हणाला. "दिसू दे."

बोटांवरचा गाळ त्याने रुमालाला पुसला, उसवलेल्या सीटवरच बसला आणि गाडी सुरू केली. ताई सुई हातात धरून उभी होती. मग ती दुसऱ्या बाजूने आली, दार उघडलं आणि काही न विचारता त्याच्या शेजारी बसली.

"चल," ती म्हणाली. "कुणी फाडलं ते मी सांगते त्याला. आणि कुणी शिवलं तेही सांगते, तिथे जे कोण गाड्या बघायला आले असतील त्यांना."

भावाने काचा खाली केल्या, पण वास काही गेला नाही.