मंचरचा ग्रुप

दोन हजार सालाच्या मागेपुढे मंचरच्या बाजारपेठेत माझा कॉम्प्युटर क्लास होता. खाली शेठचं कापडाचं दुकान, वर मी. मुलांना शिकवायचं सॉफ्टवेअर चोरून उतरवलेलं होतं. तसं ते सगळ्यांकडेच असायचं, पण मला ते टोचायचं. म्हणून एका मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी मशीनवर चढवली, तेव्हा मला तीर्थाच्या कुंडात बुडी मारून आल्यासारखं वाटलं. हे सॉफ्टवेअर कुणीही घ्यावं, कुणालाही द्यावं, जमलं तर दुरुस्तही करावं. चोरीची सोयच ठेवलेली नव्हती.

अडचण एवढीच, की त्याबद्दल बोलायला माणूस नव्हता. शेठना सांगून पाहिलं. "सर, फुकटचा माल मी दुकानात ठेवत नाय," ते म्हणाले. "गिऱ्हाईक मग बाकीच्या मालावर पण संशय घेतं." बायको ऐकून घ्यायची, पण मेथी निवडता निवडता.

शेवटी मी पुण्याच्या लिनक्सवाल्यांच्या मेलिंग लिस्टवर नाव घातलं. एकाने मेल टाकली की ती सगळ्यांना जायची. तिथे जो तो आपल्या नावाखाली गावच्या ग्रुपचं नाव लिहायचा. नुसतं स्वतःचं नाव लिहायची मला लाज वाटली. मी खाली टाकलं, 'मंचर लिनक्स ग्रुपतर्फे'. ग्रुपमध्ये मी होतो.

लिस्टवर जुन्नरचाही एक ग्रुप होता. त्यांच्या मेल भारदस्त असत, 'आमच्या सभासदांचा अनुभव असा की' वगैरे. माझा मोडेम लिनक्सवर चालेना, तेव्हा त्यांनीच उपाय कळवला. मी आमच्या ग्रुपतर्फे त्यांचे आभार मानले. त्यांनी ते त्यांच्या ग्रुपतर्फे स्वीकारले. जुन्नर एसटीने तासाभरावर, पण एवढ्या मोठ्या ग्रुपला भेटायला एकट्याने कसं जायचं?

असं बरंच चाललं. मग एक दिवस पुण्याहून मेल आली. त्यांच्यातले तिघे रविवारी भीमाशंकरला निघालेत, वाटेत मंचरच्या सभासदांना भेटतील.

माझी भूक गेली. बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि निमगाव सावाला तिच्या भावाला फोन लावला.

"माणसं आनतो की, दाजी," मेव्हणा म्हणाला. "पन फुकट कोन येनार न्हाई. सावडीवर येतील. कांदा काढायला आलाय. आज ती तुमच्याकडं, मंग तुमी त्यांच्या वावरात."

"पण पाहुण्यांनी त्यांना काही विचारलं तर?"

"येक वाक्य द्या. पाठ करून घेतो."

मी वाक्य दिलं, 'आम्हाला कमांड लाईनच बरी'. कमांड लाईन म्हणजे माउसला हात न लावता काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करून काम करणं. लिनक्सवाल्यांतले कट्टर तेवढेच असं करतात.

रविवारी क्लास टोप्यांनी भरला. जिन्यावर चपलांचा असा ढीग झाला की शेठ खालून ओरडले, "सर, वर मयत आहे का लग्न?" आणि मग त्यांनीच सगळ्यांना चहा पाठवला.

पुण्याची तिन्ही पोरं पाठीवर सॅक घेऊन दारातच थबकली. एकाने पुढच्या म्हाताऱ्याला विचारलं, "काका, तुम्ही डेस्कटॉप कुठला वापरता?"

"आमाला कमांड लाईनच बरी."

पोराने शेजारच्याला विचारलं. त्यालाही कमांड लाईनच बरी होती. तिसरा पाठांतराला हजर नव्हता. "ह्ये म्हनत्यात त्येच," तो म्हणाला. पोरांनी मुकाट्याने सॅक खाली ठेवल्या.

दाखवायला मशीन लावलं आणि लोडशेडिंग सुरू झालं. मग पोरगा तोंडानेच समजावू लागला, की हे जगभरच्या लोकांनी मिळून केलंय, ज्याला जमेल त्याने भर घालायची.

"म्हंजी सावड," म्हातारा म्हणाला. "आन घिऊन परत काय दिलंच न्हाई तर?"

"तर काही नाही, काका. तरी चालतं."

टोप्या एकमेकींकडे वळल्या. "मंग कसली सावड? आमच्यात आशाच्या वावरात कोन पाय ठिवत न्हाई." म्हाताऱ्याने माझ्याकडे बोट केलं. "ह्यांना इचारा. ह्ये येनार हाईत कांद्याला."

"कांदा हा तुमचा प्रोजेक्ट का, सर?" पोराने आदराने विचारलं.

मी चहाचे कप गोळा करू लागलो. मेव्हणाच म्हणाला, "व्हय. लई मोठा हाय औंदा."

पोरं प्रत्येकाच्या हातात एकेक सीडी ठेवून भीमाशंकरला गेली, आणि परतल्यावर त्यांनी लिस्टवर सविस्तर लिहिलं. मंचरचा ग्रुप मोठा, ज्येष्ठ सभासदांचा, सगळेच्या सगळे कमांड लाईनवर, शिवाय एक मोठा प्रोजेक्ट हाती. अभिनंदनाच्या मेल आल्या. जुन्नरच्या ग्रुपची तर इतक्या अदबीची होती, की मला ती पुरती वाचवेना.

"खरं काय ते लिहून टाका," बायको म्हणाली. "फाशी थोडीच देणार आहेत?"

"ग्रुप जाईल माझा."

"कुठला?" तिने विचारलं.

मी लिहून टाकलं, की ग्रुप म्हणजे मी एकटा, बाकीचे सावडीवर आलेले शेतकरी आणि कांदा म्हणजे कांदाच. पाठवल्यावर मॉनिटरवर टॉवेल टाकून बसलो.

लिस्टवर आधी कुणी हसलं, कुणी मला नवे सभासद कुठे मिळतात ते विचारलं. मग माझ्या एकट्याच्या नावाने जुन्नरहून मेल आली. खाली ग्रुपचं नाव नव्हतं. 'मीही एकटाच आहे. इथे एका शाळेतले कॉम्प्युटर सांभाळतो. तुमच्याकडे यायचं फार मनात होतं, पण तुमच्या ग्रुपसमोर उभं राहायचा धीर झाला नाही. कांदा कधी काढताय?'

पुढच्या रविवारी निमगावच्या वावरात तो हजर. इस्त्रीची पँट, डोक्याला रुमाल. मी त्याला विळा दिला. पात कापताना आधी मोडेमचा विषय निघाला, मग प्रिंटरचा. आम्ही दोघंही इतकी वर्षं तुंबलेलो होतो. आमचा वाफा सगळ्यांच्या मागे पडला, आणि अर्ध्या कांद्यांच्या माना आम्ही इतक्या खोल कापल्या की ते टिकणार नव्हते.

"दाजी, तोंडाबरोबर हात बी चालवा," मेव्हण्याने बांधावरून हाक दिली.

म्हातारा कंबरेवर हात ठेवून आमच्या वाफ्याची दशा पाहत होता. "ह्यो दुसरा कोन?" त्याने विचारलं.

"त्यो व्हय?" मेव्हणा म्हणाला. "दाजींचा ग्रुप हाय."