पूजेतला पाना

शिक्रापूरला आमचं पावडर कोटिंगचं शेड होतं, हायवेपासून जरा आत, एका गोदामाच्या मागं. कंपन्यांचे ब्रॅकेट, जाळ्या, पाइप असले जॉब यायचे आणि मधूनच कुणीतरी गाडीच्या चाकांच्या गंजलेल्या डिस्क घेऊन यायचं. डिस्क ॲसिडच्या टाकीतून काढायची, धुवायची, वाळवायची, मग नवरा तिच्यावर गननं पावडर मारायचा. भट्टीत तापली की ती पिठासारखी पावडर वितळून गुळगुळीत व्हायची. नातेवाईक म्हणायचे, बाईमाणसानं कशाला त्या धुरळ्यात बसायचं? पण गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं होतं. नवऱ्याला चार शब्द बोलायला लावायचे म्हणजे माझीच दमछाक व्हायची.

डिस्क नेणाऱ्या प्रत्येकाला मी एक गोष्ट बजावून सांगत असे. चाक बसवून थोडी गाडी चालवा आणि नट परत एकदा आवळा. नट जिथं टेकतो तिथं पावडर मारताना कितीही टेप लावली तरी थोडा थर बसतोच. गाडी चालली की तो दबतो, त्याचे टवके उडतात आणि घट्ट वाटणारा नट ढिला पडतो. लोक माना डोलवायचे. त्यातले किती खरंच आवळायचे देव जाणे, पण सांगितल्याशिवाय मी कुणाला सोडत नव्हते.

एका दसऱ्याच्या तोंडावर माझ्या धाकट्या भावानं जीपच्या डिस्क आणून टाकल्या. वडगाव रासाईला आमचं माहेर. तो जीप वडापला, म्हणजे माणशी भाडं घेऊन, चालवायचा आणि त्या जीपवर त्याचा फार जीव. "आक्का, चांदीवानी झाल्या पायजेत," म्हणाला. झाल्याही. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी तो त्या घेऊन गेला आणि जाताना मी नेहमीची गोष्ट त्यालाही सांगितली. "व्हय गं, मला काय कळत न्हाई का?" म्हणत तो गेला. भावाला शहाणपण शिकवायला गेलं की हेच ऐकायला मिळतं.

खंडेनवमीला आमच्याकडं हत्यारं पुजतात. शेडमध्ये गन, ग्राइंडर, पाने, हातोडी सगळं धुऊनपुसून पाटावर मांडलेलं, त्यावर हळदकुंकू, झेंडूची फुलं. एकदा पूजा झाली की त्या दिवशी हत्यार उचलायचं नाही, काम बंद. सकाळची पूजा आटोपून मी स्वयंपाकाला घरी गेले. भाऊ आईला घेऊन येणार होता आणि माझ्या मुलीला घेऊन ते तिघं दौंडला मावशीकडं जाणार होते. मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिला नवा फ्रॉक घालून मी शेडवर बसवून आले होते.

डबा घेऊन परत आले तर तिघं गेलेले. नवरा खुर्ची टाकून निवांत पेपर वाचत होता.

"नट आवळले का त्यानं?" मी विचारलं.

"त्याचा पाना घरी पूजेत हाय. आपला मागत हुता. मी म्हटलं, आपलाबी पुजलाय, आज हात लावू नको. उद्या आवळ म्हटलं."

"आणि तो गेला?"

"हसला आन् गेला."

माझ्या हातातला डबा मी कुठं ठेवला मला आठवत नाही. दौंड काही जवळ नाही. तळेगाव, न्हावरे, मग पुढचा सगळा उसाच्या ट्रॅक्टरांनी उखडलेला रस्ता. वडगावहून शिक्रापूरपर्यंत चाकं आधीच फिरून आली होती, म्हणजे थर दबायला जेवढं लागतं तेवढं झालं होतं. आता जे व्हायचं ते पुढच्या रस्त्यावर होणार होतं आणि त्या जीपमध्ये माझी आई होती, भाऊ होता, मुलगी होती.  नवऱ्याचा भयंकर राग आला.

मावशीच्या शेजारी फोन होता. लावला. शेजारीण म्हणाली, "न्हाई बाई, अजून कोण आलं न्हाई." फोन ठेवला आणि सरळ पाटापाशी गेले. व्हील पान्यावरची फुलं बाजूला केली आणि तो उचलला.

"अगं, पूजेतला हाय!" नवरा उठून उभा राहिला.

"गाडी काढा."

मला वाटलं होतं वाद घालेल. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि मुकाट्यानं मोटारसायकलला किक मारली.

त्या रस्त्यावर मी आयुष्यभर ये-जा केली, पण दोन्ही बाजूच्या चाऱ्या इतक्या बारकाईनं कधी बघितल्या नव्हत्या. कुठं चार माणसं जमलेली दिसली की मी नवऱ्याला गाडी हळू घ्यायला लावायचे. जवळ गेलं की कुणी झेंडू विकतंय, कुणी ट्रॅक्टरला हार घालतंय. सगळीकडं गाड्या धुऊन सजवलेल्या, बॉनेटवर कुंकवाचे पट्टे. न्हावऱ्याच्या चौकात नवऱ्यानं एका पानवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "चांदीच्या चाकाची जीप व्हय? गेली की मघाशी. लय झ्याक दिसत हुती." मला त्या कौतुकाची शिसारी आली. पान्याचं कुंकू घामानं ओलं होऊन माझ्या साडीला लागलं होतं आणि तो लाल डाग बघून मला नको नको ते सुचत होतं.

न्हावऱ्याच्या पुढं एका वळणावर, उसाच्या कडेला, जीप उभी दिसली. सरळ, चारी चाकांवर उभी. मी गाडी थांबायच्या आतच उतरले.

आई मागच्या चाकाला पाठ लावून जमिनीवर बसली होती. मुलगी तिच्या मांडीवर फ्रॉकचा घोळ चिखलात सोडून ऊस चघळत होती. भाऊ जरा लांब, तोंड फुगवून उभा.

"आक्का, हिला सांग तू!" मला बघताच तो म्हणाला. "खडखड वाजतंय म्हणती. गाडीत बसायला तयार न्हाई आन् चाकापासनं उठत बी न्हाई. हिच्यापायी थांबलो, न्हाईतर पोचलो असतो दौंडला!"

आई माझ्याकडं न बघताच बोलली. "मी त्या चाकावर बसले हुते. माझ्या बुडाखाली काय वाजतंय ते मला ठावं."

माझ्या हातातला पाना बघून भाऊ कचरला. पूजेचं कुंकू त्यावर अजून दिसत होतं. आमच्या घरात हे असले नियम पाळण्यात आईसारखं कडक कुणी नव्हतं. खंडेनवमीला ती विळीसुद्धा पुजायची आणि भाजी हातानं मोडायची. तिनं हात पुढं केला, माझ्याकडून पाना घेतला, कपाळाला लावला आणि भावाला दिला.

"लाव. देवाचं मी बघून घेते."

ती बाजूला सरकली. भाऊ कुरकुरत चाकापाशी बसला. एक नट जागेवरच नव्हता. दुसऱ्याला त्यानं पाना लावायच्या आधी नुसता चाचपला, तर तो दोन बोटांनी फिरला आणि त्याच्या तळहातावर येऊन पडला.

 राहिलेले नट त्यानं आवळले, मग बाकीच्या तिन्ही चाकांचे. पाना परत परत निसटत होता. शिव्या द्यायच्या म्हणून मी सगळ्या रस्त्यानं तयारी केली होती, पण त्यातली एकही मला देता आली नाही.

आई जीपमध्ये बसेना. जन्मात कधी मोटारसायकलवर न बसलेली माझी आई लुगडं सावरून नवऱ्याच्या मागं बसली, नातीला मध्ये घेतलं आणि म्हणाली, "चला जावयबापू, सावकाश." ते निघून गेले. मी भावाशेजारी पुढं बसले. भीती मलाही वाटत होती, पण त्याला एकट्याला कसं सोडणार?

तो बैलगाडीच्या चालीनं जीप चालवत होता. मध्येच थांबायचा, उतरून चाकं बघायचा, परत बसायचा. दौंड जवळ आलं. रेल्वे फाटक लागलेलं होतं. तिथं थांबल्यावर, समोरच बघत, तो म्हणाला, "आक्का, आई परत माझ्या गाडीत बसंल का गं?"