पितळी तस्त आणि अंधेरीची बिअर

आमच्या हिचे थोरले बंधू चव घेतल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवत नाहीत, आणि चव घेतल्यावर तर मुळीच ठेवत नाहीत. चहाच्या कंपनीत त्यांनी उभी हयात घोट घेऊन थुंकण्यात घालवली. घोट जोरात ओढायचा, तोंडात घोळवायचा, पाठ फिरवून तोंडाशी रुमाल धरायचा आणि पितळी तस्तात थुंकायचं. नोकरी संपली, तस्त मात्र कापडी पिशवीतून त्यांच्याबरोबर हिंडत राहिलं. अंधेरीला त्यांच्या लेकीने बनवलेली बिअर चाखायला आम्ही गेलो तेव्हा त्यांनी ते टेबलावर ठेवलं, आणि मी, यजमानीण भाचीच आहे तर आपणही जरा हातभार लावावा म्हणून, त्यात बशीतले खारे शेंगदाणे ओतले. वर चार तोंडातही टाकले. "अहो, ते दादाचं थुंकायचं आहे!" ही ओरडली. मग तिने दाणे पिशवीत भरले, तस्त कागदी रुमालाने पुसलं, आणि तासभर माझ्याकडे बघितलं नाही.

दादांची माझी ओळखच मुळी घोटाने झाली. आमच्या लग्नाच्या बैठकीत आईने केलेला चहा त्यांनी असा काही सुर्र ओढला, की माझ्या आत्याने त्यांना सर्दीवर काढा सुचवला. दादांनी खिडकीकडे तोंड करून चहा तस्तात सोडला आणि म्हणाले, "पाणी दोनदा उकळलंय." आई आत जाऊन जी बसली ती बाहेर येईना. पाणी खरंच दोनदा उकळलं होतं, हे तिने आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवशी कबूल केलं. बोरिवलीच्या एका लग्नात मठ्ठ्याचा एकच घोट घेऊन ते म्हणाले, "हे ताक चिरलेल्या कांद्याशेजारी ठेवलं होतं." केटरर भांडायला आला आणि आत जाऊन पाहून आल्यावर दादांचे पाय धरायचाच बाकी राहिला. गिळत मात्र ते कधीच नाहीत. "गिळलं की माणूस त्या बाजूचा होतो," हे त्यांचं म्हणणं. "मग निकाल कसला द्यायचा?" घरचं जेवण तेवढं गिळतात, पण निकाल न देता. त्यांची सर्वोच्च पदवी म्हणजे "दोष नाही". लेकीचा, ऋताचा, दहावीचा निकाल बघूनही ते एवढंच म्हणाले होते, आणि ती पोरगी पेढे वाटत सुटली होती.

ही ऋता औषधकंपनीतली बरी नोकरी सोडून बिअर बनवायला गेली, तेव्हा दारूच्या थेंबाला न शिवणाऱ्या दादांनी तिच्याशी भांडण केलं नाही. तो विषयच बंद केला. मुलुंडच्या सोसायटीत कुणी विचारलं तर सांगायचे, "ती पाण्याच्या लाइनीत आहे." तीन वर्षं झाली, तिच्या कामाच्या जागी त्यांनी पाऊल ठेवलं नव्हतं. आता ती काम करते त्या हॉटेलातल्या नळाला तिची स्वतःची पहिली बिअर लागणार होती, तेव्हा तिने हिला फोन केला. "आत्या, बाबांना आण ना गं. शिव्या घालू देत, पण एकदा तोंडात घेऊ देत."

बिअरचं नाव सेझाँ. बेल्जियममधले शेतकरी ही थंडीत बनवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात शेतावरच्या गड्यांना पाजायचे, असं ऋताने सांगितलं. रविवारची दुपार, हॉटेल जवळजवळ रिकामं. दादांनी ग्लास उजेडाकडे धरला. फेस जाईपर्यंत वाट पाहिली. नाक आत घातलं. मग असा घोट ओढला की पलीकडचं जोडपं दचकलं आणि काही सांडलं की काय म्हणून वेटर फडकं घेऊन धावत आला. दादांनी पाठ फिरवली, रुमाल धरला, तस्तावर वाकले. असं तीनदा. ऋता उभीच होती, ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळत.

"मिरी आहे," दादा म्हणाले.

"घातली नाही बाबा. यीस्टमुळे तसं लागतं."

"संत्र्याची वाळकी साल. आणि मागून आपल्या गावच्या गोठ्याचा वास. उन्हात तापलेली पेंढ्याची गंजी असते ना, तो."

गोठा म्हटल्यावर सगळं आटोपलं असं मला वाटलं. "दादा, नवीन आहे हो ती," मी घाईघाईने म्हणालो, "शिकेल. गोठा धुऊन निघेल."

"आतोबा, गप्प बसा ना यार!" ऋता म्हणाली. तिचा चेहरा उजळला होता. "तोच तर वास हवा असतो यात!"

"पण शेवटी लोणी येतंय," दादा म्हणाले. "किंचित. दोन दिवसांची घाई केलीस."

ऋताने मान खाली घातली. "मालक मागे लागले होते. ती चव जिरायच्या आत, दोन दिवस आधीच थंड केली."

"मालकाच्या जिभेला कळत नाही, तुझ्या जिभेला कळतं. पुढच्या वेळी थांब. दोष आहे."

एवढंच. ती "हो बाबा" म्हणून टाकी बघायला आत गेली, ती बराच वेळ आली नाही. तीन वर्षं वाट बघून पोरीला मिळालं काय, तर लोणी. परतताना गाडीत दादा खिडकीबाहेर बघत बसले. त्यांना मुलुंडला सोडलं तेव्हा नुसता हात हलवून वर गेले. तस्ताची पिशवी आयुष्यात पहिल्यांदाच ते गाडीत विसरले होते.

घाटकोपरला घरी आल्यावर मी सोफ्यावर पडून हिच्या भावाच्या कठोरपणाबद्दल बोलायला सुरुवात केली. एरवी भावाची बाजू घेऊन भांडणारी बायको तस्ताची पिशवी घेऊन स्वयंपाकघरात गेली. बेसिनचा नळ सुरू झाला आणि लगेच बंद झाला. मग ती ते तस्त हातात घेऊन दारात आली.

"अहो," ती म्हणाली, "धुवायला घेतलं, तर हे कोरडं ठणठणीत आहे. तुमच्या दाण्याचं एक सालपट राहिलंय तळाशी, तेसुद्धा भिजलेलं नाही."