नारिंगी पायांचा पक्षी

फमारा जार्जू पंचवीस वर्षं गांबियात पाहुण्यांना पक्षी दाखवत आला होता. शाळा जेमतेम चार इयत्ता, पण नुसत्या आवाजावरून पक्षी ओळखण्यात त्याचा हात धरणारा अख्ख्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. हे बरंच झालं म्हणायचं, कारण दोन वर्षांपासून त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ही गोष्ट त्यानं बायकोपासूनही लपवली होती. आंधळ्या वाटाड्याबरोबर रानात कोण जाणार?

डेन्मार्कच्या बिर्टेबाईंनी आठवड्याची सहल मागितली, तेव्हा पठ्ठ्यानं बेत मोठ्या चलाखीनं आखला: पाच दिवस समुद्र, दोन दिवस नदी. किनाऱ्यावर पक्षी जवळ येतात, निभावून जातं. बाई निवृत्त शिक्षिका. त्यांनी बेत उलटा करूनच परत पाठवला. वाळूत लोळायला दोन दिवस पुरेत, त्यांनी कळवलं. त्यांना नारिंगी पायांचा तो लाजाळू पाणपक्षी बघायचा होता. दहा वर्षं त्या वाट बघत होत्या. झालं! तो पक्षी खारफुटीच्या मुळांत दडून बसतो आणि तोंडातून चकार शब्द काढत नाही. तरी फमारानं होकार कळवला.

नदीकाठच्या तेंडाबा गावात होडी वाली फायची. फमारा जोला, वाली सेरेर, आणि या दोन जमातींत थट्टेचं नातं पणजोबांच्याही आधीपासूनचं. एकानं दुसऱ्याला भातखाऊ म्हणावं, गुलाम म्हणावं; रागवायची सोय नाही.

होडीत चढताना फमाराचा पाय फळीऐवजी थेट पाण्यात पडला. वालीनं ते पाहिलं. त्यानं फमाराच्या डोळ्यांकडं निरखून बघितलं, मग तो मोठ्यानं ओरडला, "बाई, बघा हा जोला! भाताच्या वाडग्याखेरीज याला दुसरं काही दिसत नाही!"

बाई खळखळून हसल्या. आपलं बिंग फुटलं, असं फमाराला वाटलं.

पण वालीची जीभ काही थांबेना. "अरे भातखाऊ, डावीकडं बगळा बसलाय, तुझ्यासारखाच आळशी!" थोड्या वेळानं, "वर बघ की, पांढऱ्या डोक्याचा गरुड! का मानसुद्धा मीच धरून वळवू?" प्रत्येक टोमण्यासरशी फमाराला पक्षी सापडत होता, आणि मग त्याचं नाव, सवयी, घरटं सगळं तो घडाघडा सांगत होता. हा टोमणे मारत नाहीये, हे त्याला तिसऱ्या वळणावर उमगलं.

तिथंच वालीनं वल्हं थांबवलं आणि तो कुजबुजला, "तुझी सासू बसलीय त्या वाकड्या मुळाखाली. पाय नारिंगी रंगवून आलीय."

फमाराला तिथं नुसता धुरकट ठिपका दिसला. "बाई, दुर्बीण त्या वाकड्या मुळाखाली," तो हळूच म्हणाला. बाईंनी पाहिलं, आणि मग दुर्बीण डोळ्यांवरून खाली घेईनातच.

धक्क्यावर परत आल्यावर बाई आपल्या खोलीकडं निघून गेल्या. वालीनं आपलं पोटही राखलं आणि अब्रूही, हे फमाराला पुरतं कळत होतं. पण थट्टेच्या नात्यात आभार मानणं म्हणजे परक्यासारखं वागणं.

"सोमवारी बांजूलच्या इस्पितळात जातोय," तो शेवटी म्हणाला. "मोतीबिंदू आहे." हा शब्द पहिल्यांदाच त्याच्या तोंडून बाहेर पडला.

वाली होडीचा दोर बांधत राहिला.

"एकटा कसा जाशील?" तो म्हणाला. "गुलामाचे डोळे म्हणजे मालकाची मालमत्ता. मी येतोय बरोबर."